घोड्याच्या दिवशी

बुछन,
१२ मार्च १९९१

चि. किसू यास,

अनेक आशीर्वाद. हाताला सवय आहे म्हणून लिहून गेले. खोडायचं तर कागद खराब होईल, तेव्हा राहू दे.

तुझं पत्र पोचलं. कागद काय गुळगुळीत, आणि वर तुझा टाय लावलेला फोटो छापलेला! टायची गाठ तुझ्या बायकोनं बांधलेली दिसते. तुला बुटाची नाडी कधी धड बांधता आली नाही, टाय कुठून येणार. फोटोत उजवी बाजू पुढे केली आहेस, म्हणजे डावा डोळा सावलीत जातो. फोटोवाला हुशार आहे. डोळा कसा आहे? थंडीत काचेचा डोळा गार पडतो आणि आत ठणकतं असं ऐकलं. शेकत जा.

इकडे आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. होंजू अजून शिवणाच्या कारखान्यात आहे, आता तिच्या हाताखाली चार मुली आहेत. माझी गाडी बसस्टँडसमोरच लागते. माशाच्या वड्या आणि रस्सा. थंडी पडली की गिऱ्हाईक बरं असतं. गुडघे मात्र उठताबसता ओरडतात. प्लास्टिकच्या झोपडीतून आम्ही गेल्या वर्षी बाहेर पडलो. आता विटांची एक खोली आहे, भिंतीला ओल येते, पण रात्री वाऱ्यानं छप्पर उडत नाही. तू विचारलं होतंस म्हणून सांगितलं. तुला माहिती नव्हती हेही खरंच आहे म्हणा. माहिती करून घ्यायला तुला निवडणूक लागली.

आता तुझ्या मुद्द्याचं. तू लिहितोस, "वहिनी, दादाला मुलगा नाही. रीतीप्रमाणे त्याचं श्राद्ध धाकट्या भावाच्या घरी व्हायला हवं. यंदापासून माझ्याकडे करू. मी गाडी पाठवतो. आपले टेकडीवरचे जुने लोकही बोलवा. झालं गेलं विसरून जाऊ." आणि खाली बारीक अक्षरात, की ते मध्यरात्री न करता संध्याकाळी केलेलं बरं, चार लोकांना येता येईल. चार लोक म्हणजे फोटोवाला आणि मतदार, एवढं मला कळतं. वॉर्डात तुला विचारतात ना, "ज्यांची घरं पाडलीत त्यांचं काय?" मग वहिनी पांढरे कपडे घालून तुझ्या दिवाणखान्यात रडताना दिसली की झालं तुझं काम.

रीत मात्र तुझ्या बाजूची आहे. मला मुलगा नाही. मुलीनं पितरांना दारूचा पेला ओतायचा नसतो. हे तू बरोबर हेरलंस. आपल्या घरच्या रीतिभाती तुला पहिल्यापासून चांगल्या पाठ आहेत. त्याबद्दलच आज लिहायचं आहे. बस आणि वाच. घाईत असलास तर बायकोला वाचून दाखवायला सांग.

परवा तुझ्या प्रचाराचा एक पोरगा माझ्या गाडीवर रस्सा प्यायला आला होता. मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. मी सहज विचारलं, "काय रे, त्या टेकडीवरच्या लोकांनी दगडफेक केली होती म्हणे?" तर म्हणतो, "हो ना काकू, फार हिंसक लोक. साहेबांचा डोळाच गेला. सख्ख्या भावानं फोडला बघा!" मी त्याला वरून आणखी रस्सा वाढला. त्याचा काय दोष?

लोक विचारतात, त्यांनी दगड का मारले. तीन वर्षं का मारले नाहीत, हे एकानंही कधी विचारलं नाही. तू तर तिथं होतास. सांग की एखाद्या सभेत!

तुझा दादा टेकडीवरची घरं वाचवायच्या समितीचा अध्यक्ष. गवंडी माणूस, अर्ध्या शहराच्या भिंती रचल्या, पण आवाज कधी चढवला नाही. मोर्चाला निघताना सगळ्यांचे हात तपासायचा. "हातात काही दिसलं की त्यांना कारण मिळतं," म्हणायचा. मनिल आजीची काठीसुद्धा घरी ठेवायला लावली. आजी भडकली. "दालसू, मी काठीशिवाय चालू कशी? रांगत जाऊ वॉर्ड ऑफिसला?" तर यानं तिला पाठुंगळी घेतलं आणि अख्खी टेकडी उतरला. ऑफिसात आम्हाला सातूचा चहा द्यायचे. साहेब म्हणायचे, "अर्ज वर पाठवलाय." आम्ही पायऱ्यांवर बसायचो, गाणी म्हणायचो, पोरं झोपायची. पाऊस आला तरी उठायचो नाही. मला राग यायचा. मी म्हणायचे, "अहो, हे ऐकत नाहीत." तो म्हणायचा, "ऐकतायत. ऐकत नसते तर चहा दिला असता का?" त्या चहावर विश्वास ठेवून माणसं तीन वर्षं गप्प बसली, किसू. ऐकणारं कुणीतरी आहे असं वाटतं तोवर माणूस बसून राहतो. इतकं सोपं आहे ते.

आणि त्यातून तू. कंपनीचं जाकीट घालून माझ्या स्वयंपाकघरात जेवायला यायचास. शेजारणी मला म्हणायच्या, "बोकिम, पाडापाडीच्या कंपनीतल्या माणसाला भात वाढतेस?" मी त्यांच्याशी भांडले आहे तुझ्यासाठी! म्हटलं, सात वर्षांचा होता माझ्या पदरात आला तेव्हा. लढाईत आईबाप गेलेलं पोर. मी एकोणीस वर्षांची नवरी, आणि हा पहिल्याच रात्री माझ्या पांघरुणात शिरला, थंडी वाजते म्हणून. तो मला फसवील? माझा किसू?

त्या वर्षी थंडी सरत आली तेव्हा तू आलास. मुळ्याचं सार दोनदा मागून घेतलंस. तोंड पुसून म्हणालास, "वहिनी, मे महिन्यापर्यंत कुणी वीट हलवणार नाही. माझा शब्द. खुशाल रांजण भरा."

मी ते टेकडीभर सांगत सुटले. मीच. घरोघर जाऊन. सगळ्याजणी अडून बसल्या होत्या ना, की वर्षाच्या सॉससाठी सोयाच्या ढेपा मिठाच्या पाण्यात घालायच्या की नाही. रांजण भरायचा म्हणजे काय खायचं काम आहे? तो उन्हात मुरायला महिने लागतात. जिला शरदात आपण इथंच असू अशी खात्री, तीच वसंतात रांजण भरते. तुझ्या शब्दावर आम्ही सगळ्यांनी भरायचं ठरवलं. पंचांगातल्या बारा जनावरांच्या दिवसांतला घोड्याचा दिवस पाहिला. त्या दिवशी भरलं की रस गोड होतो, नासत नाही. माझ्या सासूची सासू तेच करायची. आणि त्या दिवशी टेकडीवरची प्रत्येक बाई रांजणापाशी. बोलायचं नाही, थुंकी उडायला नको. मनिल आजी तर सगळ्यांच्या तोंडाला पातळ कागद बांधायला लावायची.

तुला आठवत असेलच. लहानपणी त्या दिवशी तुला मी मुद्दाम शेजारी पाठवायचे, कारण तू बडबड्या.

पायथ्याशी पहारा असायचा आमचा. बुलडोझर दिसला की ज्या बाईची पाळी असेल तिनं ओरडायचं, बाकीच्यांनी पातेली बडवायची. त्या दिवशी पहाऱ्याला कुणी नव्हतं. पुरुष कामावर. पाळी माझी होती, आणि मी रांजणापाशी होते, तुझ्या शब्दाच्या भरवशावर. आजीला ते पहिल्यांदा दिसले. ती हात हलवत राहिली, तोंडाला कागद. आम्हाला वाटलं मीठ कमी पडलं म्हणून खुणावतेय. मी मिठाची परात घेऊन तिच्याकडे धावले. बघ, हसू येतंय ना? मलाही येतं कधी कधी.

तुमच्या लोकांनी घरं आधी नाही पाडली. आधी रांजण फोडले. काळं मिठाचं पाणी टेकडीवरून गटारासारखं वाहत खाली आलं. तेवढ्यात तुझा दादा कामावरून धावत आला, कुणीतरी निरोप दिला होता. मला वाटलं, आता तरी हा फावडं उचलेल. तो हात वर करून मध्ये उभा राहिला, रिकामे हात, आणि ओरडला, "बसा! सगळे खाली बसा! कुणी काही उचलायचं नाही!" आणि माणसं बसली, किसू. त्या चिखलात बसली. मीही बसले.

बसलेल्या माणसांना तुमच्या लोकांनी मारलं. मनिल आजीला केसाला धरून ओढलं. दालसू तिच्या अंगावर आडवा पडला तर त्याच्या पाठीत लोखंडी पाइप घातला. तू बुलडोझरच्या बाजूला उभा होतास, हातात कर्णा. मी तुझ्याकडे बघत होते. मला वाटत होतं, हा आता म्हणेल, थांबा. कर्णा तर हातातच होता!

इथवरचं तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. पुढचं कोर्टात तू निराळं सांगितलंस. ते आता नीट लिहिते, कारण गेल्या आठवड्यापर्यंत, पाच वर्षं, मी ते कुणापाशी बोलले नव्हते. होंजूपाशीसुद्धा नाही.

ढेपा पाण्यात बुडून राहाव्यात म्हणून रांजणात वरून ठेवतात तो नदीतला गोटा माझ्या पायाशी पडला होता. मी उठले. दालसू ओरडला, "बोकिम, बस!" मी बसले नाही. मी तो तुला मारला. नेम धरून मारला. चुकून नाही, घाबरून नाही, गर्दीत लागला असंही नाही. डोळ्याचा नेम नव्हता एवढंच, कर्ण्याचा होता. आणि पश्चात्ताप म्हणशील तर आजतागायत झालेला नाही. तू पडण्याआधी माझ्याकडे पाहिलंस. मी तुझ्याकडे. मग सगळेच उठले. संध्याकाळी बाटल्या पेटल्या, तुमचा ट्रक जळाला, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आम्ही हिंसक.

कोर्टात त्यांनी तुला विचारलं, दगड कुणी मारला. तू डोळ्यावर पट्टी बांधून उभा होतास. म्हणालास, "माझ्या भावानं. मी स्वतः पाहिलं." मी उठणार होते. दालसूनं आरोपीच्या पिंजऱ्यातून माझ्याकडे नुसतं पाहिलं, मान अशी हलवली, जरा. आणि मी बसले. आयुष्यात त्याचं ऐकून नको तिथं बसले ती ही एकदाच. तो आत गेला आणि दुसऱ्या हिवाळ्यात न्यूमोनियानं तिथंच गेला. पाठ तर आधीच मोडलेली होती.

तू खोटं का बोललास यावर मी पुष्कळ विचार केला. कंपनीला अध्यक्ष आत टाकायचा होता, हे एक. आणि जिनं भरवलं तिनंच डोळा फोडला, हे चारचौघांत सांगायची तुला लाज वाटली असेल, हे दुसरं. दुसऱ्या कारणासाठी मी तुला जवळजवळ माफ करत आणलं होतं, खोटं कशाला सांगू. मनात म्हणायचे, त्याचा डोळा गेला, माझा नवरा गेला, दोघंही पोळलो. तुझं पत्र वर्षभरापूर्वी आलं असतं तर कदाचित मी तुझ्या गाडीत बसून आलेही असते.

पण गेल्या शरदात माझ्या गाडीवर एक माणूस आला. रस्सा पिता पिता माझ्याकडे टक लावून बघायला लागला.

"काकू, तुम्ही त्या टेकडीवरच्या ना?"

म्हटलं, "हो. तू कोण?"

"बुलडोझरवर होतो मी त्या दिवशी." त्यानं वाडगा खाली ठेवला. "मारा हवं तर."

"वडी थंड होतेय, खा आधी," मी म्हटलं. "एवढंच सांग, नेमके त्याच दिवशी कसे आलात?"

"आम्हाला काय ठाऊक काकू, घोड्याचा दिवस अन् बैलाचा दिवस! आम्ही शहरातली पोरं. ते किसूसाहेब मीटिंगमध्ये पंचांगच घेऊन आले. म्हणाले, या दिवशी जा. बायका रांजणाला चिकटलेल्या असतात, पहारा नसतो, आणि वरून ओरडतसुद्धा नाहीत. माझ्या घरात बघत आलोय लहानपणापासून, म्हणाले. सगळे हसले."

"तूही हसलास?"

"हसलो," तो म्हणाला.

त्याच्याकडून मी पैसे घेतले. चहा मात्र माझ्याकडून पाजला, खरं बोलल्याबद्दल.

म्हणजे "खुशाल रांजण भरा" हे तुझं पोटात माया आली म्हणून नव्हतं. आम्ही भरावेत म्हणूनच होतं. माझ्या हातचं सार पिऊन, तोंड पुसून तू ते बोललास, आणि मी वेडी ते घरोघर वाटत फिरले. दगड मारल्याचं मला काही वाटत नाही, पण त्या दिवशी मी परात घेऊन धावले, हे आठवलं की अंगाची आग होते. त्या आगीचा वाटा आता तुझा.

माणसं का पेटतात याच्यावर तू सभेत बोलणार आहेस म्हणे, "शांतता आणि विकास". बोल. सांग त्यांना, की घर गेलं म्हणून कुणी पेटलं नाही. घरं जाणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. आम्ही सरळ बसलो होतो, आणि ते बसणंच तुम्ही वापरून घेतलंत.

आता तुझ्या आमंत्रणाचं उत्तर.

गेल्या आठवड्यात एका दुपारी मी पोलीस ठाण्यात गेले. तिथला पोलीस होंजूहून लहान असेल. मी म्हटलं, पाच वर्षांपूर्वी मी एका माणसाचा डोळा फोडला, लिहून घ्या. तो म्हणाला, "आजी, जुनं प्रकरण आहे, निकाल लागलाय. आरोपीसुद्धा वारला. जा घरी, आराम करा."

"तो आरोपी नव्हता. आरोपी मी आहे."

"अहो, पण आता कशाला? तुम्हाला आत जायचंय का या वयात?"

"लिहून घ्या."

"साहेब जेवायला गेलेत."

म्हटलं, "हरकत नाही. मला बसायचं चांगलं येतं." आणि बसले बाकावर. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत बसले, मोठ्यानं, तुझं नाव, वॉर्ड, निशाणी, सगळं. संध्याकाळपर्यंत त्यांनी कागद काढला. अंगठाही घ्या म्हटलं, सहीवर विश्वास नसेल तर. बुलडोझरवाला माझ्यामागे येऊन त्याचंही लिहून गेला. आम्हाला मदत करणारे चर्चचे वकील म्हणतात, साक्षीदारानं शपथेवर खोटं सांगितलं असं ठरलं तर मेलेल्या माणसाचाही खटला पुन्हा उभा राहतो. बायकोला मागता येतो. मी मागितला आहे. पेपरवाल्यांनाही कुणीतरी कळवलंय. मी नाही. बहुतेक होंजूनं.

ती पहिल्यांदा माझ्या अंगावर आली होती. रडली. "आई, बाबा कशासाठी गेले मग आत? तू बाहेर राहावीस म्हणून ना? त्यांचं सगळं फुकट घालवतेस!" तिचं खोटं नाही. दालसूनं मला जे दिलं ते मी परत करतेय. मला भीतीही वाटते, खोटं कशाला बोलू. तुरुंगातली थंडी कशी असते ते त्यानं भेटीला गेल्यावर कधी सांगितलं नाही, पण त्याचे हात मी पाहिलेत. तरी मी होंजूला म्हटलं, "तुझ्या बापानं आयुष्यात मुंगीवर पाय दिला नाही, आणि कागदावर तो डोळा फोडणारा म्हणून राहणार? त्याची पोरगी म्हणून तू उद्या कुणाच्या घरात जाशील तर तेच वाचतील. आणि वाचून दाखवणारा हा, गळ्यात टाय घालून?" तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "तू आत गेलीस तर गाडी मी चालवीन." माझी पोर आहे.

तेव्हा श्राद्धाचं असं ठरलंय. तू सांगितलंस त्याच दिवशी, तू सांगितलंस त्याच वेळी, संध्याकाळी. तुझ्या दिवाणखान्यात नाही, तर टेकडीवर आता तू राहतोस त्या तीन नंबरच्या इमारतीसमोर, जिथं आता गाड्या लावता तिथं. चुलीपासून उंबऱ्यापर्यंत आपल्या घराची ती जागा मला डोळे मिटून दाखवता येते. टेकडीवरची सगळी घरं येणार आहेत, पार अन्सानहून. मनिल आजीला आता दिसत नाही, तिला पाठुंगळी घेऊन येतील. पेला होंजू ओतेल. रीत मोडते म्हणून पितर रागावले तर माझ्यावर रागावतील, मी बघून घेईन. घोषणा नाहीत, कुणाच्या हातात काही नाही. नुसते बसू. पोलीस बोलवायचे असतील तर बोलव, त्यांनाही जेवण वाढू.

तू खिडकीतून बघ किंवा पडदा ओढून घे. खाली यायचं असेल तर तेही ये. वाकून नमस्कार कर, तुझा सख्खा भाऊ आहे. मी अडवणार नाही. फोटोवालाही आण.

मग त्यानंतर कधीतरी तुला समन्स येईल. परत तोच पिंजरा, तोच प्रश्न : दगड कुणी मारला? या वेळी मी समोर बसलेली असेन, आणि मान हलवून गप्प करायला दालसू नसेल. "वहिनीनं" म्हणालास, तर मी आत जाईन, तू खोटा ठरशील, आणि तुझा भाऊ सुटेल. "भावानं" म्हणालास, तर माझ्याकडे बघून म्हणावं लागेल. बघू, जमतं का.

आत गेले तरी मी तिथंही भात खाईन, झोपेन. तू मात्र रोज घरी जाशील, आणि जाता येता त्या गाड्या लावायच्या जागेवरून जाशील. याहून जास्त तुझं वाईट व्हावं असं मी मागितलेलं नाही. कमीही नको.

बायकोला आणि मुलांना आशीर्वाद. त्यांना खरंच.

तुला वाढवणारी, आणि तुझा डोळा फोडणारी,
प्यो दालसूची बायको,
बोकिम